मुक्त कार्यप्रणालीचे नूतनीकरण

रायपूर शहराच्या आसपासच्या खेड्यांत मातीच्या खापऱ्यांनी शाकारलेली घरे अजूनही पाहावयास मिळतात. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी घरधनी छपरावर चढतो, फुटलेल्या खापऱ्या काढून नव्या बसवितो आणि माकडांनी किंवा वाऱ्याने सरकविलेल्या खापऱ्या पुन्हा जागी लावतो. हे काम दरवर्षी करावे लागते. त्यात घराचा आकार बदलत नाही व घरातील माणसांना बाहेरही पडावे लागत नाही. परंतु पुष्कळ वर्षांनी असा एक उन्हाळा येतो की, खापऱ्या बदलून भागत नाही. आढे आणि वासेच जीर्ण झालेले असतात. मग सामानसुमान हलवून सबंध छप्पर उतरवावे लागते.

घरोघरी, शाळांत आणि ग्रंथालयांत मेजावर ठेवलेल्या संगणकालाही अशाच दोन प्रकारच्या निगराणीची आवश्यकता असते. पहिल्या प्रकाराला ‘अपडेट’ व दुसऱ्याला ‘अपग्रेड’ असे सामान्यतः म्हणतात. पहिल्याने चालू आवृत्तीतील दोष दुरुस्त होतात. दुसऱ्याने जुन्या आवृत्तीच्या जागी नवी आवृत्ती येते. या दोन्ही क्रिया कशा घडतात, त्या केव्हा कराव्यात आणि त्या करताना काय सांभाळावे, याचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत केला आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र स्वतः काहीच जाणत नाही. कळफलकावरील कोणती कळ दाबली गेली, पडद्यावर कोणते अक्षर उमटवावयाचे, कोणती माहिती तबकडीवर कोठे ठेवावयाची, या सर्वांची व्यवस्था लावणारा आज्ञासमूह म्हणजे कार्यप्रणाली होय. तिच्या मध्यभागी असणाऱ्या भागास गाभा किंवा ‘कर्नल’ असे नाव आहे. हा गाभा यंत्राशी बोलतो, आणि आपण वापरतो ते लेखनाचे, चित्रांचे वा हिशेबाचे कार्यक्रम या गाभ्याशी बोलतात.

‘लिनक्स’ हा असाच एक गाभा आहे. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हल्ड्स याने १९९१ साली तो प्रसिद्ध केला. त्यापूर्वी, १९८३ साली, अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ नावाची योजना जाहीर केली होती. प्रत्येकास वाचता येईल, बदलता येईल आणि दुसऱ्यास देता येईल अशी सबंध कार्यप्रणाली निर्माण करावी, हा त्या योजनेचा हेतू होता. या दोन प्रयत्नांचा संगम होऊन आजच्या मुक्त कार्यप्रणाली तयार झाल्या. ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ फुकट असा घेऊ नये. तिची मूळ संहिता, म्हणजे तज्ज्ञांनी लिहिलेला आज्ञांचा मजकूर, सर्वांना खुला असतो, हे तिचे खरे लक्षण आहे. संहिता खुली असल्यामुळे तिच्यातील दोष कोणासही शोधता येतो व दुरुस्ती कोणासही सुचविता येते.

भांडार आणि यादी

गाभा आणि हजारो कार्यक्रम एकत्र करून, ते परस्परांशी जुळतात की नाही हे पाहून, लोकांना वापरण्याजोगा संच देणाऱ्या संस्था व मंडळे जगभर आहेत. १९९३ साली इयान मरडॉक याने सुरू केलेली ‘डेबियन’ ही त्यांपैकी एक होय. ‘उबुंटू’ ही २००४ पासून प्रसिद्ध होणारी प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे, आणि भारत शासनाच्या सी-डॅक या संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे. म्हणून पुढील विवेचनात डेबियनचे उदाहरण घेतले आहे.

डेबियनमध्ये प्रत्येक कार्यक्रम एका ‘पॅकेज’च्या रूपाने बांधलेला असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेराव्या आवृत्तीत, म्हणजे ‘ट्रिक्सी’मध्ये, अशी ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. ही सर्व एका सार्वजनिक भांडारात ठेवलेली असतात आणि भांडाराची एक यादी असते. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती उपलब्ध आहे आणि ते चालण्यास दुसऱ्या कोणत्या पॅकेजांची गरज आहे, हे या यादीत नमूद केलेले असते.

ग्रंथालयाच्या सभासदाला ही व्यवस्था सहज समजेल. ग्रंथालयाची नवी सूची घरी आणली म्हणून घरातील पुस्तके बदलत नाहीत. कोणत्या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती आली आहे एवढेच कळते. डेबियनमधील ‘ॲप्ट’ या कार्यक्रमाला ‘अपडेट’ अशी आज्ञा दिली असता तो एवढेच करतो; नवी यादी आणतो. त्यानंतर ‘अपग्रेड’ अशी आज्ञा दिली म्हणजे जुनी पॅकेजे जाऊन सुधारलेली येतात. पुष्कळ नवशिके पहिली आज्ञा देऊन थांबतात आणि आपला संगणक अद्ययावत झाला असे मानतात. तो झालेला नसतो.

येथे एक घोटाळा टाळावा. ॲप्टची ‘अपग्रेड’ ही आज्ञा चालू आवृत्तीच्या आतच काम करते, म्हणजे ती खापऱ्या बदलते. बाराव्या आवृत्तीवरून तेराव्या आवृत्तीवर जाणे, म्हणजे वासे बदलणे, हे वेगळे काम आहे; त्याची रीत पुढे येईल.

मोहोर आणि ठसा

हजारो मैलांवरून येणारे पॅकेज वाटेत कोणी बदलले नाही, याची खात्री कशी पटावी? पूर्वी राजाचे पत्र मोहोर पाहून खरे मानीत. येथेही तसेच आहे. प्रत्येक पॅकेजच्या मजकुरावर एक गणिती क्रिया करून २५६ बिटांचा एक ठसा काढला जातो. मजकुरातील एक अक्षर जरी बदलले तरी ठसा पूर्णपणे निराळा येतो. हे ठसे यादीत लिहिलेले असतात आणि यादीवर डेबियनच्या गुप्त किल्लीने केलेली सही असते. तपासणीची उघड किल्ली प्रत्येक संगणकात आधीपासून असते. सही जुळली म्हणजे यादी खरी, आणि ठसा जुळला म्हणजे पॅकेज खरे. ही तपासणी आपोआप होते. म्हणून सही जुळत नसल्याची सूचना पडद्यावर आली, तर ती बाजूस सारून पुढे जाणे हा शुद्ध अविचार होय.

उशीर आणि घाई

दुरुस्ती हाती असूनही ती न करण्याचे परिणाम १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने त्या दिवसापासून सुमारे दीडशे देशांतील संगणकांत शिरून लोकांची कागदपत्रे कुलूपबंद केली व ती सोडविण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनमधील रुग्णालयांचेही कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. ज्या दोषातून ती शिरली तो विंडोज या प्रणालीतील होता, आणि त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे दोन महिने अगोदर, प्रसिद्ध केली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती त्यांना त्या आळसाची किंमत मोजावी लागली.

तथापि अतिघाईही घातक ठरू शकते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक विलक्षण गोष्ट उघडकीस आणली. दुसऱ्या संगणकावर प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे त्याच्या ध्यानात आले. या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत गेल्यावर असे आढळले की, माहिती आवळून ठेवणाऱ्या ‘एक्सझेड’ नावाच्या मुक्त कार्यक्रमाच्या अगदी नव्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसविला होता. तो बसविणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ साधी, उपयुक्त कामे करून मूळ कर्त्याचा विश्वास संपादन केला होता. डेबियनच्या प्रायोगिक शाखांत ही दूषित आवृत्ती पोहोचली होती. सर्वसाधारण लोकांसाठी असलेल्या स्थिर शाखेत ती आलेली नव्हती.

या दोन घटनांतून एकच व्यवहार्य नियम निघतो. शाळा व ग्रंथालये यांनी स्थिर शाखाच वापरावी. मात्र त्या शाखेत येणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या आठवड्यातून एकदा तरी बसवाव्यात. स्थिर शाखेत कार्यक्रमांची नवी रूपे सहसा येत नाहीत, दोषांची दुरुस्ती तेवढी येते. त्यामुळे नेहमीच्या कामात खंड पडण्याचा संभव फार थोडा असतो.

आवृत्ती बदलताना

डेबियनची नवी आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी येते. अकरावी ऑगस्ट २०२१ मध्ये, बारावी जून २०२३ मध्ये आणि तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये आली. प्रत्येक आवृत्तीला सुमारे तीन वर्षे पूर्ण व पुढे दोन वर्षे मर्यादित साहाय्य मिळते. त्यानंतर तिच्यासाठी दुरुस्त्या निघत नाहीत, आणि संगणक चालू राहिला तरी असुरक्षित होतो. म्हणून पाच वर्षांत केव्हातरी आवृत्ती बदलणे अपरिहार्य आहे.

या कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम, स्वतःची सर्व कागदपत्रे दुसऱ्या तबकडीवर उतरवून घ्यावीत आणि ती तेथून उघडतात हे पाहावे. न तपासलेली प्रत ही असून नसल्यासारखीच होय. दुसरे, चालू आवृत्तीतील सर्व दुरुस्त्या बसवून घ्याव्यात. तिसरे, तबकडीवर पुरेशी मोकळी जागा आहे की नाही ते पाहावे. कारण नवी पॅकेजे उतरून घेईपर्यंत जुनीही जागा अडवून असतात. चौथे, बाहेरच्या भांडारांतून काही कार्यक्रम घेतले असतील तर ती भांडारे तात्पुरती बंद करावीत. मग भांडारांच्या नोंदीत जुन्या आवृत्तीचे नाव, उदाहरणार्थ ‘बुकवर्म’, काढून तेथे ‘ट्रिक्सी’ लिहावे, नवी यादी आणावी, प्रथम साधे ‘अपग्रेड’ व नंतर ‘फुल-अपग्रेड’ करावे. साधे ‘अपग्रेड’ कोणतेही पॅकेज काढून टाकीत नाही. ‘फुल-अपग्रेड’ला मात्र नव्याला जागा करून देण्यासाठी जुने काढण्याचा अधिकार असतो, म्हणून ते काय काढणार आहे याची पडद्यावरील यादी वाचल्याखेरीज होकार देऊ नये. शेवटी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, म्हणजे नवा गाभा कामास लागतो.

पायऱ्या एकेक करूनच चढाव्यात. अकराव्या आवृत्तीवरून एकदम तेरावीवर उडी घेण्यास डेबियनची संमती नाही. आधी बारावी, मग तेरावी. प्रत्येक आवृत्ती तिच्या लगतच्या पूर्वीच्या आवृत्तीवरून येणाऱ्यांसाठी तपासलेली असते.

आपल्याकडे आणखी एक काळजी घ्यावी लागते, ती विजेची. उन्हाळ्याच्या दुपारी किंवा वळवाच्या वादळात पॅकेजे बसत असतानाच वीज गेली, तर काही पॅकेजे उघडून ठेवलेली पण न जुळविलेली अशी अर्धवट राहतात. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पॅकेजे प्रत्यक्ष बसविणारा ‘डीपीकेजी’ हा कार्यक्रम प्रत्येकाची स्थिती टिपून ठेवतो, आणि अर्धवट राहिलेली सर्व पॅकेजे जुळवून पुरी करण्याची आज्ञा त्याला देता येते. तरीही गाभा बदलला जात असताना वीज जाणे बरे नव्हे; म्हणून हे काम बॅटरीचा आधार असतानाच करावे.

जुन्या यंत्रांचा प्रश्न

नवी आवृत्ती प्रत्येक यंत्रास मानवते असे नाही, आणि याचे कारण मोठे उद्बोधक आहे. लिनक्स व तत्सम प्रणालींत काळाची गणना १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांनी होते. ३२ बिटांच्या जुन्या पद्धतीत या मोजणीला २,१४७,४८३,६४७ ही मर्यादा आहे. ती १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे व ७ सेकंदांनी गाठली जाईल. पुढच्याच सेकंदाला अशा संगणकाची मोजणी उलटून तो १९०१ सालचा डिसेंबर महिना दाखवू लागेल. बँकेचे व्याज असो की ग्रंथालयातील पुस्तक परतीची तारीख असो, सर्व हिशेब त्याबरोबर कोसळतील.

यावर उपाय म्हणजे ही मोजणी ६४ बिटांत करणे. बहुतेक संगणकांत ती तशी होतेच. राहिलेल्या बहुतेक यंत्रप्रकारांसाठी तेराव्या आवृत्तीत फार मोठ्या संख्येने पॅकेजे पुन्हा बांधण्यात आली. अपवाद राहिला तो ३२ बिटांच्या जुन्या पीसीचा. त्यावर जुने कार्यक्रम चालत राहावेत म्हणून तेथे जुनीच मोजणी ठेवली. मात्र त्या यंत्रांसाठी गाभा व स्थापनेचे साधन देणे तेराव्या आवृत्तीपासून बंद झाले. अशा प्रणालीवर ट्रिक्सीकडे जाऊ नये, असे डेबियनने स्पष्ट सांगितले आहे. येथे एक तपासणी अवश्य करावी. ६४ बिटांचे पीसी-प्रोसेसर २००३ पासून मिळू लागले. पुष्कळ संगणकांत यंत्र ६४ बिटांचे, पण त्यावर बसविलेली प्रणाली ३२ बिटांची, असे आढळते. अशा वेळी यंत्र भंगारात देण्याचे कारण नाही. कागदपत्रे उतरवून घेऊन ६४ बिटांची प्रणाली नव्याने बसवावी.

याच संदर्भात १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीखही लक्षात घेण्यासारखी आहे. त्या दिवशी २०१५ सालच्या ‘विंडोज १०’चे सर्वसाधारण साहाय्य संपले, काही अटींवर मर्यादित काळ सुरक्षा-दुरुस्त्या देण्याची सोय तेवढी ठेवली गेली. तिच्या पुढील आवृत्तीला यंत्रात विशिष्ट सुरक्षा-घटक असावा लागतो, आणि तो नसलेली असंख्य चांगली यंत्रे त्यामुळे मागे राहिली. शाळेची संगणकखोली एकदा उभी राहिली की ती पुन्हा उभी करण्यास पैसा लवकर मिळत नाही. अशा यंत्रांवर मुक्त कार्यप्रणाली बसवून ती आणखी काही वर्षे सुरक्षितपणे चालविता येतात. केरळ राज्यातील सरकारी शाळांनी मुक्त कार्यप्रणालीवर शिक्षण देण्याचा पाठ फार पूर्वीच घालून दिला आहे.

छत्तीसगढीची गोष्ट

आतापर्यंत यंत्राचा विचार झाला. परंतु आवृत्ती बदलली म्हणजे पडद्यावरील भाषेचे काय होते, हा प्रश्न रायपूरच्या वाचकाला अधिक जिव्हाळ्याचा वाटेल.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले व रायपूर त्याची राजधानी झाली. २००७ साली राज्याच्या विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा दिला. २०११च्या जनगणनेत ही भाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ६२ लाख होती. पण ती संख्या हिंदीच्या पोटात धरलेली होती. एवढ्या लोकांची ही बोली संगणकाच्या पडद्यावर मात्र कोठेच नव्हती. मुक्त संहितेमुळे ती तेथे आणणे शक्य झाले. ‘केडीई’ हे १९९६ साली सुरू झालेले, लिनक्सवर चालणारे दर्शनी आवरण आहे. खिडक्या, सूच्या, कळी हे सर्व त्याच्या अखत्यारीत येते. रवि रतलामी या नावाने प्रसिद्ध असलेले रविशंकर श्रीवास्तव यांनी केडीईचे हिंदीत, आणि त्याच्या चौथ्या पिढीच्या काळात छत्तीसगढीतही भाषांतर करण्याचे मोठे काम केले. त्यासाठी कोणत्याही कंपनीची परवानगी किंवा बाजारपेठेचा अंदाज लागला नाही. केडीईच्या अनेक कार्यक्रमांच्या संहितेत ‘एचएनई’ या संकेताने चिन्हित केलेल्या छत्तीसगढी ओळी आजही आढळतात.

आता आवृत्ती बदलते तेव्हा काय होते ते पाहा. भाषांतराच्या धारिकेत वाक्यांच्या जोड्या असतात: वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली त्याचे भाषांतर. नव्या आवृत्तीत मूळ वाक्य थोडेसे बदलले, की त्याची जोडी ‘संदिग्ध’ ठरते आणि माणसाने ती पुन्हा तपासून मान्य करीपर्यंत पडद्यावर दाखविली जात नाही. वाक्य अगदी नवे असेल तर खालची जागा रिकामीच असते. दोन्ही वेळी वाचकासमोर इंग्रजी वाक्य येते. केडीईची पाचवी पिढी २०१४ साली व सहावी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत पाचवी पिढी होती, तेरावीत सहावी आहे. म्हणजे एका रात्रीत आवृत्ती बदलणाऱ्याच्या पडद्यावर जुन्या भाषांतराला एका सबंध पिढीचे अंतर ओलांडावे लागते. भाषांतर करणारे हात त्या प्रमाणात वाढले नाहीत, तर प्रत्येक नूतनीकरणाबरोबर यंत्र सुधारते आणि भाषा मात्र पडद्यावरून थोडी थोडी पुसली जाते. मराठीलाही हा नियम चुकलेला नाही.

यावर तात्पुरता उपाय आहे. केडीईच्या भाषाविषयक मांडणीत एकाहून अधिक भाषा क्रमाने लिहिता येतात. प्रथम छत्तीसगढी व तिच्याखाली हिंदी लिहिली, तर छत्तीसगढी वाक्य नसेल तेथे हिंदी वाक्य दिसते, इंग्रजी नव्हे. आवृत्ती बदलल्यावर ही मांडणी एकदा तपासून घ्यावी. खरा उपाय अर्थात भाषांतर चालू ठेवणे हाच आहे, आणि तो यंत्रज्ञांच्या नव्हे, भाषा जाणणाऱ्यांच्या हातातील आहे. या कामासाठी संहिता लिहिता येण्याची गरज नाही. दोन्ही भाषा नीट येणे, एका संज्ञेसाठी सर्वत्र एकच शब्द वापरण्याची शिस्त असणे आणि दर नव्या आवृत्तीपूर्वी काही संध्याकाळी देण्याची तयारी असणे, एवढे पुरे.

रायपूरला या कामाची परंपरा नवी नाही. मराठीभाषक कुटुंबात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक चालविले, आणि पुढे दासबोध व गीतारहस्य हे ग्रंथ हिंदीत नेले. ग्रंथाचे भाषांतर एकदा पुरे झाले म्हणजे अनुवादकाला विसावा घेता येतो. कार्यप्रणालीच्या भाषांतराला असा विसावा नाही, कारण तिची मूळ प्रतच दर दोन वर्षांनी बदलते. ज्या शाळेत किंवा ग्रंथालयात अशा प्रणालीचा संगणक आहे, तेथील शिक्षकांनी, ग्रंथपालांनी आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी दर आवृत्तीत शंभर वाक्यांचा भार उचलला, तरी पडद्यावर आपली भाषा टिकून राहील.